जुनी डिझेल पिकअप जड ट्रेलरसाठी तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं १९८९ ते २००७ या काळातल्या अमेरिकी डिझेल पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: डॉजमधलं ५.९ लिटरचं कमिन्स, फोर्डमधली ७.३ आणि ६.० लिटरची पॉवर स्ट्रोक, शेव्हरोले-जीएमसीमधलं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स. त्यानंतरच्या गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला आणि सगळा हिशेबच बदलला. उष्णता, ब्रेक आणि वजन यांबद्दलचं मात्र कुठल्याही जुन्या डिझेल पिकअपला लागू पडेल.

गाडी हातात आली आहे. आधी काय बसवू, ट्यूनर (इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक सेटिंग बदलून ताकद वाढवणारं उपकरण) की मोठा टर्बो?

दोन्ही नको. आधी मागच्या मालकाने टाळलेली कामं उरका. कूलंटचे होज, बेल्ट, ब्रेक ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, व्हील बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिझेलच्या लाइनी, बॅटरीच्या केबल. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत यातलं निम्मं तरी काम बाकी असतंच. त्यानंतर मीटर, मग कूलिंग आणि गिअरबॉक्स, मग ब्रेक आणि सगळ्यात शेवटी ताकद.

बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात. कारण सरळ आहे: ट्यूनर बसवला की त्याच दिवशी फरक जाणवतो, नवा रेडिएटर बसवला तर काहीच जाणवत नाही. तो जाणवतो लांबलचक चढावर, आणि तेव्हा तो नसला तर गाडी टोचन लावून आणावी लागते.

इंजिनात दम उरला आहे की नाही, हे खोलल्याशिवाय कसं कळेल?

गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी पहिला स्टार्ट स्वतः मारा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहून काही कळत नाही. थंड इंजिन थोडा पांढरा धूर सोडेल, त्याचं काही वाटून घेऊ नका. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, डिझेलचा वास आणि एखादा सिलिंडर मिस मारत असेल, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्याच तोंडावर उलटं, नुसतं टेकवून ठेवा. थोडी वाफ येणं, झाकण जरा हलणं चालतं. झाकण उडून पडत असेल किंवा तिथून धुराचा भपका सतत येत असेल, तर रिंगांमधून हवा खाली जाते आहे. ही चाचणी ढोबळ आहे, इंजिनागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा शंका आली तर कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्या. जोडीला ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला तर डिझेल, कूलंट, सिलिकॉन म्हणजे धूळ, आणि धातूचे कण यांचं प्रमाण कागदावर मिळतं. जुन्या गाडीवर करायचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित खर्च हाच.

रिंगा गेलेल्या इंजिनावर ताकद वाढवण्याचा विचारही करू नका. आधी ओव्हरहॉल, नाहीतर दुसरी गाडी.

कुठल्या इंजिनात काय आधी बघायचं?

१२ व्हॉल्व्हचं कमिन्स (१९९८ च्या मध्यापर्यंत): टायमिंग गिअरच्या हाउसिंगमध्ये एक छोटी लोखंडी डॉवेल पिन असते. कंपनांमुळे ती सरकत सरकत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली की हाउसिंग फुटण्यापर्यंत वेळ येते. पुढचं कव्हर उघडून पिनच्या तोंडावर एक पट्टी बोल्टने आवळली की विषय संपतो. १९९४ पासूनच्या गाड्यांत इंजेक्टरना डिझेल पुरवणारा बॉशचा पी७१०० पंप आहे. हा पंप दणकट, पण गाडी चढावर मरगळली तर लोक थेट पंपावर संशय घेतात. त्याआधी डिझेल परतीच्या लाइनवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासा. त्याची स्प्रिंग ढिली झाली की पंपातला दाब पडतो. एवढासा तुकडा बदलून गाडी पुन्हा ओढायला लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

२४ व्हॉल्व्हचं कमिन्स (१९९८ चा उत्तरार्ध ते २००२): इथे इंजेक्टरना डिझेल पुरवायला व्हीपी४४ पंप आहे. त्याचं वंगणही डिझेल आणि त्याला थंड ठेवणारंही डिझेलच. इंजिनावरचा मूळ लिफ्ट पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा) कमजोर झाला की व्हीपी४४ उपाशी राहतो आणि मरतो. म्हणून चांगला लिफ्ट पंप आणि डॅशबोर्डवर डिझेलच्या दाबाचा मीटर, या दोन गोष्टींशिवाय ही गाडी ट्रेलरला जोडू नये. ओझ्याखालीही दाब १० पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नका. यातल्या काही ब्लॉकवर ‘५३’ हा आकडा ओतलेला असतो. ते ब्लॉक बाजूला, पाण्याच्या जॅकेटपाशी तडकण्यासाठी बदनाम आहेत. घेण्याआधी टॉर्च घेऊन खाली वाकून आकडा वाचा.

७.३ पॉवर स्ट्रोक (१९९४ ते २००३): याचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. सुमारे ५०० पीएसआय दाब तयार झाल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. त्यामुळे या इंजिनात ऑइल हे केवळ वंगण नाही. सुमारे १४ लिटर ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावंच लागतं. कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर गेला की चालती गाडी बंद पडते, म्हणून एक जास्तीचा सेन्सर आणि तो काढायचा पाना गाडीतच ठेवा. शिवाय कूलंटमध्ये योग्य ॲडिटिव्ह नसेल तर बुडबुडे फुटून सिलिंडरची भिंत बाहेरून कुरतडली जाते. टेस्ट स्ट्रिप मिळते, ती वापरा.

६.० पॉवर स्ट्रोक (२००३ ते २००७): या इंजिनाला जेवढ्या शिव्या पडतात, त्यातल्या बऱ्याचशा एका साखळीमुळे. ऑइल कूलर चोंदतो, त्यामुळे पुढच्या ईजीआर कूलरला (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलंट पुरत नाही, तो फुटतो, कूलंट सिलिंडरमध्ये जातं, दाब वाढतो आणि हेड गास्केट उडते. साखळीची पहिली कडी धरायची तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवताना ऑइल आणि कूलंट यांच्या तापमानातला फरक बघा. तो ८ अंश सेल्सिअसच्या पुढे सतत राहिला तर कूलर चोंदला आहे. इंजेक्टर चालवणाऱ्या मॉड्यूलमधून ४८ व्होल्ट यायला हवेत. ते ४५ च्या खाली गेले तर इंजेक्टर खराब होऊ लागतात, आणि त्यामागे अनेकदा नुसती जुनी बॅटरी असते. हे सगळं नीट करून हेड स्टड (हेड घट्ट धरून ठेवणारे मजबूत बोल्ट) घातले तर हे इंजिन उत्तम ओढतं. मात्र खरेदीची किंमत ठरवताना हा खर्च आधी धरा.

ड्युरामॅक्स एलबी७ (२००१ ते २००४): दुखणं इंजेक्टरचं, आणि ते व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसवलेले असल्याने मजुरी मोठी. गळणारं डिझेल थेट ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर ऑइल कमी होत नाही म्हणून खूश होऊ नका.

मीटर खरंच लागतात का? कंपनीचा टेंपरेचर काटा आहे की.

तो काटा बराच वेळ मध्यावर स्वस्थ बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. किमान तीन मीटर हवेत: टर्बोचा बूस्ट, एक्झॉस्टचं तापमान आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलचं तापमान. एक्झॉस्टचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोनंतर बसवला तर आकडा कमी दिसतो, आणि किती कमी हे ओझ्यावर अवलंबून असल्याने अंदाज बांधता येत नाही.

पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, हे लक्षात ठेवा. टर्बोच्या आधी सुमारे ६८० ते ७०० अंश सेल्सिअस ही सततच्या चढाची मर्यादा मानतात. ओव्हरटेक करताना काही सेकंद काटा वर गेला तर गाडी मरत नाही, पण पाच-सहा मिनिटं तिथेच राहिला तर ॲक्सिलरेटर सोडा, गिअर खाली टाका. खालच्या गिअरमध्ये आरपीएम वाढतात, हवा जास्त येते आणि तापमान उतरतं. ‘वरच्या गिअरमध्ये इंजिनाला त्रास कमी’ ही समजूत रिकाम्या गाडीपुरती ठीक आहे. चढ संपवून थांबलात तर एक्झॉस्ट २०० अंशांच्या खाली येईपर्यंत आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो.

मग ताकद किती वाढवावी?

सुरुवातीचं कमिन्स १६० अश्वशक्तीचं होतं, आणि टॉर्क होता ४०० पाउंड-फूट. ७.३ ची सुरुवात २१० ला झाली. एलबी७ ने ३०० गाठले. आज रस्त्यावर असणाऱ्या नव्या गाड्यांपुढे हे आकडे लहान वाटतात, म्हणून हात शिवशिवतात. पण ट्रेलर ओढताना इंजिनाला एकदा मोठा झटका द्यायचा नसतो, अर्धा तास सलग ओझं वाहायचं असतं. माझ्या मते जुन्या १२ व्हॉल्व्हवर चाकापाशी २५० ते ३०० अश्वशक्ती पुष्कळ झाली, तीसुद्धा डिझेलच्या जोडीने हवाही वाढवून. आधी इंटरकूलरचे रबरी बूट आणि क्लॅम्प तपासा. पाइपमध्ये कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की गळती लगेच बुडबुड्यांतून दिसते. ती बंद केल्यावर अनेकांना वेगळ्या अपग्रेडची गरजच उरत नाही.

काळा धूर म्हणजे ताकद ना?

काळा धूर म्हणजे हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळालेलं डिझेल. पैसे बाहेर, उष्णता आत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकेल का?

डॉजमधला ४७आरई तसाच ठेवून वर इंजिनाची ताकद वाढवली तर नाही टिकणार. फोर्डचे ई४ओडी आणि ४आर१०० जरा बरे. ड्युरामॅक्सच्या मागचा ॲलिसन १००० या सगळ्यांत दणकट, पण मोठा ट्यून टाकला की त्याचेही क्लच घसरतात.

गिअरबॉक्सचा जीव घेते ती उष्णता, आणि उष्णतेची मोठी फॅक्टरी म्हणजे लॉक न झालेला टॉर्क कन्व्हर्टर. लॉक झाल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. तो सुटा असताना आत ऑइल नुसतं घुसळलं जातं. चढावर गाडी सारखी लॉक-अनलॉक करत असेल तर ओव्हरड्राइव्ह बंद करा आणि ज्या गिअरमध्ये ती लॉक धरून राहते त्यात चालवा. नवा भाग घ्यायचाच असेल तर पहिला मान चांगल्या कन्व्हर्टरला आणि व्हॉल्व्ह बॉडीला, त्यासोबत मोठा कूलर आणि खोल पॅन.

ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं तर निर्धास्त. १०५ च्या पुढे सतत राहत असेल तर ते लवकर बदला. १२० दिसले तर बाजूला थांबा. आणि इथे डॉजवाल्यांसाठी एक बारकावा: या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कन्व्हर्टरमधून ऑइल फिरत नाही. म्हणून गरम गाडी थंड करायला थांबलात तर हँडब्रेक घट्ट ओढून, चाकाला अडण लावून न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा. ऑइलची पातळीही न्यूट्रलमध्येच बघतात.

मॅन्युअल असेल तर?

निम्म्या कटकटी संपल्या. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट वाढवलेल्या टॉर्कला पुरेल अशी घ्या, आणि चढावर क्लचवर गाडी तोलून धरायची सवय सोडा.

चढावर इंजिन तापतं. मोठा रेडिएटर घालू का?

आधी आहे तो स्वच्छ करा. रेडिएटर, इंटरकूलर आणि एसी कंडेन्सर एकामागे एक असतात आणि त्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचे किडे, धूळ, गवताची बी आणि ऑइलचा चिकटा बसलेला असतो. समोरून पाणी मारून उपयोग नाही. तिन्ही एकमेकांपासून सुटे करून इंजिनाच्या बाजूने पुढे धुवा. मग फॅन क्लच बघा: इंजिन खूप तापलं की पंखा गरजल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा. तो आवाज कधीच येत नसेल तर क्लच गेला आहे. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. एवढं करूनही तापत असेल, तर मोठा रेडिएटर जरूर घ्या.

मोठे टायर लावल्याने ओढण्यावर फरक पडतो का?

पडतो, आणि वाईट पडतो. ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची लावले तर ३.७३ चा एक्सल रेशो चाकापाशी ३.३० सारखा वागतो. म्हणजे ट्यूनरने मिळवलेलं टायरने खाल्लं, वर गिअरबॉक्सची उष्णता वाढली. मोठे टायर हवेच असतील तर क्राउन-पिनियन ४.१० चं बसवा. नियमित ओढणाऱ्याला मी कंपनीच्या मापाचे, ई लोड रेंजचे टायर सुचवेन. यातल्या बहुतेकांवर कमाल ८० पीएसआय लिहिलेलं असतं, आणि मागच्या चाकांत ओझ्याप्रमाणे हवा थंड टायरमध्ये भरायची असते. टायरच्या बाजूला शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होऊन फुटतात. नक्षी छान दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर ठेवू नका.

मागे एअर स्प्रिंग घातल्या. आता जास्त वजन चालेल ना?

नाही. गाडीची शेपटी वर येईल, एवढंच. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा कुठल्याही स्प्रिंगने, ब्रेकने किंवा टायरने बदलत नाही.

हिशेब असा करा. समजा स्टिकरवर गाडीचं भरल्यावरचं कमाल एकूण वजन ८,८०० पाउंड म्हणजे सुमारे ४,००० किलो लिहिलं आहे. टाकी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर ती ७,००० पाउंड भरली. उरले १,८००. मागे हत्यारांची पेटी २०० ची. उरले १,६००. आता १०,००० पाउंडांचा साधा ट्रेलर घेतला तर त्याच्या वजनाचे १० ते १५ टक्के, म्हणजे १,००० ते १,५०० पाउंड, हिचवर (ट्रेलर जोडायच्या जोडणीवर) येतात. पुरलं, पण जेमतेम. हाच ट्रेलर गूजनेक (पिकअपच्या हौद्यात जोडायचा) असता तर १५ ते २५ टक्के आले असते आणि हिशेब तिथेच कोसळला असता. ओढायची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी मागचा एक्सल भरतो, हे जाहिरातीतल्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून वजनकाट्यावर जा.

ट्रेलर डोलतो, शेपटीसारखा हलतो. हिच बदलू?

बहुतेक वेळा सामान मागे ठेवलेलं असतं. जड वस्तू ट्रेलरच्या एक्सलच्या थोड्या पुढे आणा, हिचवर किमान दहा टक्के वजन येऊ द्या. मग वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हिचवरचं वजन पुढच्या चाकांवरही वाटणारी) आणि स्वे कंट्रोल (डोलणं अडवणारा). डोलायला लागलाच तर पाय ब्रेकवर नको: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरने हाताने लावा.

उतारावर ब्रेक मऊ पडतात. काय करू?

ब्रेक ऑइल बदललं आहे का ते आधी सांगा. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पण पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर गरम झालेल्या कॅलिपरमध्ये जुनं ऑइल उकळलं की पेडल थेट फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला.

डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसल्याने ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन फारसं अडवत नाही. म्हणून जड ओढणाऱ्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्टची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) हा मला सगळ्यात पैसे वसूल करणारा अपग्रेड वाटतो. मात्र १२ व्हॉल्व्हवर जास्त ताणाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग लागतात, नाहीतर मागच्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे पडतात. ऑटोमॅटिकवर तो कन्व्हर्टर लॉक असतानाच काम करतो, म्हणून जोडीला लॉक धरून ठेवणारा कंट्रोलर हवा.

ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर गाडीच्या वेग कमी होण्याच्या प्रमाणात ब्रेक लावणारा घ्या. ठरावीक वेळेच्या हिशेबाने ब्रेक लावणारा स्वस्त असतो, पण हळू थांबतानाही हिसका देतो.

ईजीआर काढून टाकला की सगळं सुटतं म्हणतात.

अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणं किंवा बंद करणं बेकायदा आहे, आणि तशी साधनं विकणंही. ६.० मध्ये मजबूत बनावटीचा ईजीआर कूलर आणि नवा ऑइल कूलर घातला की मूळ आजारच जातो.

ट्रेलरचे दिवे मधूनच जातात.

अर्थिंग. दहापैकी नऊ वेळा अर्थिंग. सात पिनच्या सॉकेटमागची पांढरी वायर चेसीवर जिथे आवळली आहे तिथला गंज घासून काढा, रंग खरवडा, पुन्हा आवळून वर ग्रीस लावा. दिव्यांच्या अर्थिंगसाठी हिचच्या बॉलवर अवलंबून राहू नका.

सगळं झालं. पहिल्यांदा जड ट्रेलर घेऊन निघताना काय करू?

जवळचा, ओळखीचा आणि निदान एक मोठा चढ असलेला रस्ता निवडा. ट्रेलर अर्धाच भरा. चढाच्या माथ्यावर तिन्ही मीटरचे आकडे लिहून ठेवा: पुढे कधी काही बिघडलं तर तुलनेला तेच उपयोगी पडतात. पहिल्या थांब्यावर गाडीभोवती फेरी मारा आणि ट्रेलरच्या प्रत्येक हबपाशी हात न्या, पण चिकटवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग घट्ट आवळलेलं आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे. चाकं काढून पुन्हा बसवली असतील तर ८० ते १६० किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, पिकअपचे आणि ट्रेलरचेही.